गाडीतील मॅट आणि न थांबणारी गाडी

गेल्या महिन्यात वरंधा घाटाआधीच्या सरळ रस्त्यावर ट्रक ओलांडताना आमच्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहिला. पाय उचलला तरी वेग वाढतच होता. यजमानांनी घाबरून ब्रेक तीन-चारदा दाबला-सोडला, तर तो दगडासारखा घट्ट झाला. गिअर न्यूट्रलला टाकला म्हणून वाचलो. कारण काय, तर मूळ मॅटवर टाकलेली जाड रबरी मॅट सरकून पेडल तिच्यात अडकले होते!

२००९ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळ अशाच मॅटमुळे टोयोटा कंपनीची लेक्सस गाडी बेफाम सुटली आणि चौघांचा जीव गेला. त्यानंतर टोयोटाने लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

ॲक्सिलरेटर असा अडकून थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, पूर्ण उघडी असताना ब्रेकला जोर देणारा व्हॅक्युम पुन्हा तयार होत नाही. त्यामुळे ब्रेक सारखा दाबू-सोडू नये. एकदाच सर्व ताकदीने दाबून धरावा, गाडी न्यूट्रलला टाकावी आणि थांबल्यावरच इंजिन बंद करावे. चालत्या गाडीत किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. आम्हाला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये यातले काहीच शिकवले नव्हते. परिवहन विभागाने हे प्रशिक्षणात सक्तीचे करावे, आणि जागेवर धरून ठेवणारे हुक नसलेली मॅट दुकानदारांनी चालकाच्या पायाखाली घालूच नये.

— एक वाचक, पुणे