आगोट भरताना विहिरीचा दोरही आणा

संपादक साहेब,

स. न. मे संपत आला की आमच्या कोकणात आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची गडबड सुरू होते, तांदूळ, कडधान्यं, सुकी मासळी, लाकडं सगळं घरात येतं, पण लाईट पंधरा दिवस आलीच नाही तर काय करायचं हे कुणाच्याच यादीत नसतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडून आत शिरलं तेव्हा दापोली-मंडणगडकडचे पोल आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात, त्यात लॉकडाऊन. तरी सूचना येतात त्या मोबाईल चार्ज करा, टॉर्च ठेवा एवढ्याच. अहो टॉवरचंच डिझेल संपलं की चार्ज मोबाईलचं करायचं काय, गेम खेळायचे?

खरे हाल पाण्याचे होतात. विहिरीत पाणी दिसतंय आणि घरात थेंब नाही, कारण पंप बसवल्यावर लोकांनी रहाट काढून भंगारात दिले. रहाट, पोहरा आणि नवा दोर, एवढं आधी करा. पाला पडून पाणी खराब होतं, ग्रामपंचायतीतून टीसीएल (पाणी शुद्ध करायची) पावडर टाकून घ्या नाहीतर उकळून प्या, म्हणजे एक भरलेला सिलिंडर जास्तीचा हवाच.

इन्व्हर्टरवाल्यांनी फार खूश होऊ नये. दीडशे एएचच्या बॅटरीवर दोन पंखे, चार बल्ब एक रात्र चालतील, दुसऱ्या रात्री चार्ज कशावर करणार? आणि आता सबसिडीत छपरावर सोलर लावलेत त्यांना वाटतं आपली चिंता मिटली, पण साधं ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या वीज लाईनला जोडलेलं, सोलर लाईट गेली की बंद पडतं, ते मुद्दामच तसं केलेलं असतं, नाहीतर घरातली वीज उलटी बाहेर जाऊन तुटलेल्या लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. बॅटरीवालं हायब्रीड असेल तरच उपयोग. हाच धोका भाड्याने जनरेटर आणून त्याची वायर थेट घरातल्या सॉकेटात खुपसणाऱ्यांचा, चेंजओव्हर (घर बाहेरच्या लाईनपासून तोडणारा स्विच) न लावता हा उद्योग म्हणजे शुद्ध गुन्हा आहे असं माझं मत. जनरेटर पडवीत पण नको, लांब अंगणात ठेवा, त्याच्या धुरातला विषारी गॅस दिसत नाही न् वासही येत नाही, माणूस झोपेतच जातो.

बाकी सेलवरचा रेडिओ, बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या, पत्र्याचे हुक आवळणं हे सगळ्यांना माहीतच आहे. फक्त रोख पैसे विसरू नका, तेही सुट्टे, नेटवर्क नसेल तर फोन पे काय कामाचा.

तुम्हाला एक विनंती, मे महिन्यात एकदा पेपरात ठळक चौकट छापा, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, वीज तक्रार १९१२, ॲम्ब्युलन्स १०८, आणीबाणी ११२, आणि खाली तालुक्याच्या ऑफिसचे लँडलाईन नंबर. लोक कापून कपाटाला चिकटवतील. मोबाईलमध्ये सेव्ह असलेले नंबर मोबाईल बंद पडला की कुणालाच पाठ नसतात.

— एक वाचक, ता. दापोली