दप्तरांची बाजू मांडायला शिकवणाऱ्या लेखाधिकारी ताईंस

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

हे पत्र आपल्या घरच्या पत्त्यावर न धाडता उघडपणे लिहीत आहे, कारण आपण केलेले साहाय्य केवळ आमच्या छोट्या गटापुरते राहू नये असे वाटते. जुन्या कागदपत्रांच्या जतनासाठी जी मंडळी शासनाकडे, संस्थांकडे आणि वृत्तपत्रांकडे खेटे घालतात, त्यांनाही ते उपयोगी पडेल. आपले नाव कोठेही येऊ नये ही आपली अट पाळली आहे. ‘निवृत्त लेखाधिकारी’ एवढी ओळख देण्यास आपण संमती दिलीत, तीही थोड्या नाखुशीनेच.

अभिलेखागारांसाठी, म्हणजे जुनी कागदपत्रे जतन करणाऱ्या संस्थांसाठी, जनसंपर्क आणि पाठपुरावा करणे म्हणजे, ज्यांनी आयुष्यात कधी एकही रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) सोडून पाहिलेला नाही आणि पुढेही पाहणार नाहीत, अशा लोकांना तो रुमाल का सांभाळायचा हे पटवून देणे. बडोद्यात हे काम करणाऱ्याला विषयाची वाण कधीच पडत नाही. सयाजीराव महाराजांची 1875 ते 1939 ही कारकीर्द, संस्थानाच्या कारभारात मोडी मराठी आणि गुजराती या दोन्हींचा झालेला वापर, ज्यांनी ऐन उमेदीची वर्षे येथील नोकरीत घालवली आणि पुढे पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले ते इतिहासकार रियासतकार सरदेसाई, एवढे सांगितले तरी दांडिया बाजारातल्या कोणत्याही सभेत श्रोते माना डोलावतात. आमच्या क्षेत्रातील आवाहने बहुधा येथूनच सुरू होतात आणि बऱ्याचदा येथेच संपतात. आपण आमच्या निवेदनाचा मसुदा वाचून एवढेच विचारलेत की, हा कागद ज्या टेबलावर जाणार आहे, तेथे बसलेल्या माणसाने नेमके काय करावे अशी तुमची अपेक्षा आहे?

त्या एका प्रश्नाने आमच्या कामाची दिशा बदलली. नस्तीवर (फाइलवर) सही करणारा अधिकारी इतिहासाचा शत्रू नसतो. कित्येकदा तो घरी इतिहासाची पुस्तके वाचणाराही असतो. परंतु सही करताना त्याला पाहावे लागते ते हे की, खर्च अंदाजपत्रकातील कोणत्या लेखाशीर्षाखाली पडणार, तो एकदाच होणार की दरवर्षी करावा लागणार, आणि तो न केल्यास कोणाचे काम अडणार. यांपैकी शेवटच्या मुद्द्यावर आपण सर्वाधिक भर दिलात, आणि दप्तरखान्यात येणारी माणसे कशासाठी येतात ते आधी पाहून या, असे सांगितलेत.

जे आढळले ते आम्हालाही ठाऊक नव्हते असे नाही, परंतु त्याकडे पुरावा म्हणून पाहण्याची दृष्टी आपण दिलीत. प्रबंध लिहिणारे अभ्यासक थोडे असतात. बाकीची माणसे इनामाच्या किंवा देवस्थानाच्या जमिनीचा कागद, वाड्याच्या हद्दीची नोंद, पणजोबांच्या नोकरीचा दाखला असे काहीतरी शोधत असतात. महाराष्ट्रात 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी केवढी गरज भासली ते सर्वांनी पाहिले. मराठा-कुणबी दाखल्यांच्या त्या मागणीविषयी कोणाचे काहीही मत असो, ज्या कागदांकडे पिढ्यान्‌पिढ्या कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते, त्यांच्यावर हजारो कुटुंबांचे दाखले अवलंबून असू शकतात, ही गोष्ट त्यातून उघड झाली. बडोदे संस्थानात 1906 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. आम्ही ही गोष्ट नेहमी महाराजांच्या दूरदृष्टीचे उदाहरण म्हणून सांगत असू. आपण तिच्याकडे हिशेबनिसाच्या नजरेने पाहिलेत: सक्ती म्हटली की मुलांच्या याद्या आल्या, हजेरी आली, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाचा दंड आला, आणि या प्रत्येक गोष्टीचा कागद आला. राजघराण्याशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांची नावे ज्या कागदांत येतात, ते हे कागद. आमच्या निवेदनातील सर्वांत बळकट परिच्छेद यातूनच उभा राहिला.

पैशाच्या बाबतीत आपण दिलेला सल्ला आमच्या क्षेत्रातील प्रत्येकाने वाचावा असा आहे. स्कॅनर घेण्यासाठी निधी मिळवणे तुलनेने सोपे असते. ती एकवेळची खरेदी असते, तिचे उद्घाटन करता येते आणि छायाचित्रही काढता येते. याउलट कसर (कागद खाणारी कीड) आणि वाळवी यांचा नियमित बंदोबस्त, आम्लरहित खोकी, फेरिस्त म्हणजे कागदांची सूची करणारा माणूस आणि मोडी वाचणारा माणूस हा दरवर्षीचा खर्च असतो, आणि दरवर्षीच्या खर्चाला वित्त विभाग सहजासहजी तयार होत नाही. सूची नसलेल्या कागदांची छायाचित्रे काढून ठेवली तर खोलीतला गोंधळ फक्त संगणकात जातो, हे आम्ही तोंडाने म्हणत असू. आपण त्याचे कोष्टक करून दिलेत. स्कॅनिंगच्या प्रत्येक रकमेसमोर सूचीचा, साठवणुकीचा आणि काही वर्षांनी फायली नव्या माध्यमात हलवण्याचा खर्च मांडायला लावलात. आकडा वाढला. प्रस्ताव फेटाळला जाईल अशी भीती आम्हाला वाटत होती. पण अपुरा आकडा मंजूर होणे हे नामंजुरीपेक्षा वाईट, कारण मग पुढची दहा वर्षे ‘तुम्हाला दिले होते ना?’ असेच उत्तर मिळते, हे आपले म्हणणे आता आम्हाला पूर्णपणे पटले आहे.

कायद्याच्या आधाराबाबतही आपण नेमकेपणा आणलात. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 1993 हा केंद्र सरकारच्या आणि केंद्रशासित प्रदेशांच्या अभिलेखांना लागू आहे. राज्याच्या कार्यालयाला त्याचा हवाला दिला की कनिष्ठ लिपिकही तो कागद बाजूला सारू शकतो. माहिती अधिकार अधिनियम, 2005 मात्र प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला लागू आहे, आणि त्याच्या कलम 4 मध्ये अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमित ठेवण्याचे कर्तव्य स्पष्टपणे सांगितले आहे. त्या एका कलमामुळे आमची विनंती कार्यालयाच्या स्वतःच्याच कर्तव्याची आठवण ठरली. शिवाय ती आठवण आपण स्वच्छ सरकारी गुजरातीत लिहून दिलीत. आम्ही बडोदेकर मराठी मंडळी मंगळबाजारात कितीही फर्डे गुजराती बोललो, तरी कचेरीतल्या टिपणाचे गुजराती ही वेगळी विद्या आहे.

वृत्तपत्रांविषयीचे आपले मत थोडे कठोर आहे, पण उपयोगी ठरले. 9 जून हा आंतरराष्ट्रीय अभिलेख दिन. 1948 साली याच दिवशी आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेची स्थापना झाली. त्या दिवशी बातमी छापून येते. मात्र अंदाजपत्रकाचे प्रस्ताव कार्यालयांतून वेगळ्याच महिन्यांत वर जातात, म्हणून बातमीचे कात्रण जपून ठेवून ते योग्य वेळी नस्तीला जोडावे, हे आपण शिकवलेत. 1913 साली येथून बाबासाहेब आंबेडकरांना मिळालेल्या शिष्यवृत्तीची हकीकत पत्रकारांना द्या आणि जमीन-दाखल्यांची माहिती वित्त विभागाला द्या, अशी वाटणीही आपलीच. (जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. छायाचित्रकार अजूनही पांढरे हातमोजे घालण्याचा आग्रह धरतात. कागद हाताळताना स्वच्छ, कोरडे हात अधिक सुरक्षित असतात, कारण मोज्यांमुळे बोटांचा अंदाज जातो आणि कडा फाटतात. हे त्यांना समजावणे हाही आमच्या कामाचाच भाग होऊन बसला आहे.)

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आपण केलेल्या धावपळीचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे ठरेल. एका जुन्या संस्थेच्या तळमजल्यावरील नोंदवह्या भिजल्या होत्या. ओल्या कागदावर साधारण दोन दिवसांत बुरशी धरू लागते. वह्या उन्हात टाकल्या तर पाने वाकतात आणि शाई उडते. त्यांना वारा, मोकळी जागा आणि पानांमध्ये घालण्यासाठी टिपकागद लागतो. आपल्या ओळखीने उंचावरच्या भागातील एक सभागृह मिळाले, पंखे मिळाले, आणि स्टेशनरीच्या घाऊक व्यापाऱ्याने आपल्या शब्दावर माल आधी दिला, बिल नंतर. त्या बिलाची एक प्रत आपण मुद्दाम आमच्याकडे ठेवायला सांगितलीत. आपत्कालीन साहित्याची तरतूद मागताना तीच जोडली आहे.

आता एक विनंती. खर्चाच्या कोष्टकाचा आपला नमुना इंदूर आणि ग्वाल्हेर येथील आमच्या स्नेह्यांना हवा आहे. होळकर आणि शिंदे दरबारच्या मराठी कागदांसाठी त्यांनाही अशाच कचेऱ्यांत जावे लागते, फक्त तेथील टिपणे हिंदीत असतात. आपली परवानगी असल्यास त्यातील बडोद्याचे आकडे काढून तो पाठवू. यंदाच्या प्रस्तावाचा मसुदा पुढील आठवड्यात घेऊन येतो. खोक्यांचे दर नव्याने मागवले आहेत; त्यांवर आपली लाल पेन्सिल फिरल्याशिवाय तो पुढे जाणार नाही.

कृतज्ञतापूर्वक,

आपला नम्र,
अभिलेख जतनाच्या कामातील एक सहकारी
बडोदे