मागच्या आसनावरचा वैमानिक

नाशिक,
९ ऑगस्ट

प्रिय अरविंदास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना मी उत्तर दिले नाही आणि काकूंच्या वर्षश्राद्धाला बडोद्यालाही येऊ शकलो नाही, ही बोच कित्येक महिने मनात आहे. माझा गुडघा आता बरा आहे, साखर आटोक्यात आहे, तब्येतीचे एवढेच. आज मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण परवा रात्री आपल्या प्लास्टिकच्या छोट्या नॅट विमानाची कॅनोपी, म्हणजे वैमानिकावरचे पारदर्शक झाकण, उघडली आणि आत जे दिसले ते तुझ्यावाचून कोणाला कळणार नाही. सुमनने ते मनापासून पाहिले, पण तिला वाड्याची गॅलरी ठाऊक नाही, विहीर ठाऊक नाही आणि आपण तीन दिवस एकमेकांशी बोललो नव्हतो तेही ठाऊक नाही.

होय, तेच नॅट. १९७४ साली बोटीवरच्या मामाने आणलेल्या, तुकडे जोडून विमान करायच्या एअरफिक्सच्या डब्यातले. वाडा रिकामा करताना बापूंच्या ट्रंकेतून ते माझ्याकडे आले तेव्हा पुढचे चाक मोडले होते, शेपटीचा एक आडवा पंख निखळला होता आणि चंदेरी रंगावर तपकिरी कळा आली होती. निवृत्तीनंतर मी ठरवले की ते नुसते सांधायचे नाही, तर तेव्हा आपल्या हातून झाले नव्हते इतके नीट करायचे. त्या काळच्या संचांत पत्र्यांचे जोड उठावाच्या रेषांनी दाखवलेले असत. त्या घासून काढून त्यांच्या जागी सुईने बारीक खोल रेषा कोरायच्या. पंखांच्या जाड मागच्या कडा घासून पातळ करायच्या, ओक्याबोक्या कॉकपिटमध्ये प्लास्टिकच्या पातळ पत्र्याची आणि तांब्याच्या तारेची उपकरणे बसवायची, आणि विमान शेपटीवर बसू नये म्हणून नाकात मासेमारीचे शिसे भरायचे. (तू शेपटीखाली टेकू म्हणून लावलेली आगपेटीची काडी अजून शाबूत आहे.)

हे काम सावकाशीचे आहे. जाड चिकटपट्टी लावून तिच्या कडेने सुई हलक्या हाताने चार-पाच वेळा ओढावी लागते. पहिल्याच ओढीला जोर दिला की ती भरकटते. चुकलेली रेघ सुपरग्लूमध्ये टाल्कम पावडर कालवून भरायची, वाळली की पाणी लावून बारीक पॉलिश पेपरने घासायची आणि पुन्हा कोरायची. एका पंखाला मला अकरा संध्याकाळ लागल्या. त्याआधी जुना रंग काढावा लागला. ट्यूबमधल्या गोंदाने प्लास्टिक वितळून एकजीव झालेले असल्याने पंख सुटे होणार नव्हते, म्हणून उजव्या पंखाला ब्रेक ऑइलमध्ये भिजवलेला कापूस लावून वर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि दुसऱ्या दिवशी साबणाच्या पाण्याने पंख धुतला. पन्नास वर्षांपूर्वीचा रंग सालीसारखा निघून आला. त्या धुण्याचे मला आज फार वाईट वाटते आहे. का, ते सांगतो.

कॅनोपी तू फेव्हिकॉलने चिकटवली होतीस. ट्यूबच्या गोंदाच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक धुरकटते, हा तुझा मुद्दा बरोबर होता आणि मी तेव्हा तो मानला नव्हता, तो आज मानतो. कोमट पाण्याचा कुंचला कडेने फिरवत राहिलो, फेव्हिकॉल पांढरा होऊन मऊ पडला, पातळ पाते हलकेच सरकवले आणि कॅनोपी न तडकता हातात आली. पुढच्या आसनावर आपला पांढऱ्या शिरस्त्राणाचा वैमानिक होता. आणि मागच्या आसनावर, जिथे कोणी नसायला हवे होते तिथे, दुसरा बसला होता. तो विहिरीत पडला असे तू विद्येची शपथ घेऊन सांगितले होतेस! मी बापूंचा बादल्या काढायचा गळ घेऊन दुपारभर विहिरीच्या कठड्यावर ओणवा होतो आणि तू माझ्या शेजारी उभा राहून, 'जरा डावीकडे टाक,' असे सांगत होतास. अरविंदा, परवा रात्री मी एकटाच इतका हसलो की सुमन उठून बाहेर आली.

मग शिरस्त्राणाकडे लक्ष गेले. ते केशरी आहे. आपली केशरी रंगाची डबी ऐन वेळी संपली आणि उजव्या पंखावरच्या हवाई दलाच्या तिरंगी चक्राचे बाहेरचे कडे तुला लाल आणि पिवळा मिसळून रंगवावे लागले, म्हणून ते गाजरासारखे झाले. डबी उघडी ठेवून विन्याने ती वाळवली असे मी आजवर समजत होतो आणि त्यावरून त्याला पुष्कळ बोललोही होतो. त्या कड्याकडे मी पन्नास वर्षे चूक म्हणून पाहिले आणि दुरुस्ती करताना सर्वांत आधी तेच धुऊन टाकले. आधी कॅनोपी उघडली असती, तर त्या पंखाला ब्रेक ऑइल लागले नसते. धुण्यापूर्वी काढलेला एक फोटो आहे, पण तो रात्रीच्या दिव्यातला आहे आणि त्यात केशरी, लाल, पिवळा सगळेच सारखे दिसते.

आता माझी अडचण अशी झाली आहे. आपले भांडण ज्यावरून झाले, ते कापायचे काम आता माझ्या हातात आहे. आपल्याला हवाई दलाचे लढाऊ नॅट हवे होते आणि डब्यात रेड ॲरोजचे, म्हणजे ब्रिटिश हवाई कसरतींच्या पथकाचे, दोन आसनांचे प्रशिक्षण विमान होते. ते करवतीने कापून एकासनी करावे असे मी म्हणत होतो, तर मागची अर्धी कॅनोपी चंदेरी रंगवली की काम झाले असे तुझे म्हणणे होते. सगळी मापे मी आता काढली आहेत. लढाऊ नॅटची लांबी ८.७४ मीटर आणि पंखांचा विस्तार ६.७३ मीटर, तर प्रशिक्षण विमानाची लांबी ९.६८ आणि विस्तार ७.३२. बहात्तराव्या हिश्शात आणले की धड १३ मिलिमीटरने आणि पंखांचा विस्तार ८ मिलिमीटरने कमी करावा लागतो. नुसती टोके छाटून भागत नाही, कारण प्रशिक्षण विमानाचा पंख मुळातच वेगळा आहे: त्याचे एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या झडपा, बाहेरच्या बाजूला आहेत, लढाऊ नॅटचे आत, आणि उतरताना तेच खाली झुकून वेग कमी असताना विमान तोलून धरणाऱ्या फ्लॅपचेही काम करतात. शेपटीही मोठी आहे. पेटर या ब्रिटिश अभियंत्याने हे विमान आखले ते लढाऊ विमाने दिवसेंदिवस जड आणि महाग होत चालली होती म्हणून. तुझ्या लाडक्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानाचा आराखडाही त्याचाच. (लोहगावहून उडालेली कॅनबेरा वाड्यावरून गेली की तू ताटावरून उठायचास आणि काकू ओरडायच्या.) चाकांची दारे थोडी उघडून त्यांचाच हवेत ब्रेक म्हणून उपयोग करायचा, इतकी त्याची काटकसर होती. तो काटकपणा कापून, घासून साधता येईल. हात आता स्थिर आहे, बारीक दातांची करवत आहे. भाचा तर म्हणतो की हल्ली एकासनी नॅटचा तयार संच मिळतो, तोच मागवा. पण मला दुसरे नॅट नको आहे.

एकासनीवर मी इतका अडून का बसलो होतो, ते तुला आठवत असेल. परमवीर चक्र मिळालेले वैमानिक निर्मलजित सिंग सेखों यांची हकिकत आपण बापूंच्या तोंडून ऐकली होती. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर, पाकिस्तानची सहा सेबर लढाऊ विमाने आणि त्यांच्यात सापडलेले एकटे नॅट. त्यांच्या विमानात दुसरे आसन नव्हते, मग आपल्या विमानात कसे चालेल, हा माझा हट्ट होता. त्यावर तू म्हणाला होतास, 'मागे कोणी असते, तर त्यांना सांगितले असते ना.' मी चिडून उठून गेलो होतो. तीन दिवसांच्या अबोल्यानंतर तू निमूटपणे कबूल झालास, वैमानिक विहिरीत पडल्याचे सांगितलेस आणि कॅनोपी चिकटवून चंदेरी रंग दिलास. त्या रात्री त्याला तिथे बसवताना तुझ्या मनात काय होते, ते मला तुझ्याकडून ऐकायचे आहे. एकासनी करायचे तर पहिली कापणी त्याच्याच आसनातून जाते, आणि माझ्याच्याने करवत टेकवत नाही. कॅनोपी पूर्ण स्वच्छ करून दोघे दिसतील असे करावे, तर आपल्या हवाई दलाकडे असे दोन आसनांचे नॅट नव्हते. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने अजितचे, म्हणजे नॅटच्या आपल्याकडे सुधारलेल्या आवृत्तीचे, दोन आसनांचे विमान १९८२ साली उडवले खरे, पण त्याचे धडही निराळे लांबवलेले होते. 'मी आठ वर्षे आधीच केले होते,' असे तू म्हणशील, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो. की पुन्हा चंदेरी रंग देऊन त्याला होता तसाच अंधारात ठेवावा? दोन दिवस मी याच तीन वाटांमध्ये फिरतो आहे. विमान निम्मे तुझे आहे, त्यामुळे एकट्याने ठरवणार नाही.

मुग्धाच्या नव्या नोकरीचे वसूकडून कळले, फार आनंद झाला. तिला माझे आशीर्वाद सांग. तुझ्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली का? घराच्या गच्चीची गळती थांबली का, तेही लिही. विन्याला मी कालच फोन करून केशरी डबीबद्दल माफी मागितली.

डाव्या पंखाला मी हात लावलेला नाही. त्यावरचे चक्र जुन्याच केशरी रंगात आहे. कॅनोपी मऊ कापडात गुंडाळून डब्यात ठेवली आहे आणि दोघे वैमानिक आपापल्या जागी आहेत. उजवे कडे मात्र पुन्हा तुझ्याच रंगात रंगवायचे हे नक्की केले आहे. चार तुकड्यांवर मिश्रण करून पाहिले, पण ते गाजर काही जमत नाही. तू लाल किती आणि पिवळा किती घेतला होतास, आणि आधी कोणता ओतलास, ते आठवत असेल तर उलट टपाली कळव.

तुझा,
दिलीप