गळक्या पक्क्या घरांसाठी पालिकेचे दुरुस्ती कर्ज

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गळक्या पक्क्या घरांच्या दुरुस्तीसाठी पालिकेच्या निधीतून कमी व्याजाचे कर्ज मिळावे, असे आम्हाला सुचवायचे आहे. पंतप्रधान आवास योजना (शहरी) मध्ये बसायचे तर कुटुंबातील कोणाच्याही नावे देशात कुठेही पक्के घर असून चालत नाही. 1 सप्टेंबर 2024 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यातही ही अट कायम आहे, आणि त्यातले व्याज अनुदानही घर घेण्या-बांधण्यासाठी आहे, दुरुस्तीसाठी नाही. नवीन घर मिळण्यापुरती ही अट योग्यच. पण तालुक्याच्या गावांत तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेली, स्लॅबच्या सळया बाहेर आलेली असंख्य घरे कागदोपत्री 'पक्की' आहेत. त्यांना अनुदान नाही. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असल्याने बँक गहाणखत करून घेत नाही. मग उरतो बचत गट, नाहीतर खासगी वित्त कंपनी.

फरक किती पडतो ते पाहावे. दीड लाख रुपये पाच वर्षांसाठी दरसाल 24 टक्क्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे 4,315 रुपये येतो. 6 टक्क्यांनी घेतले तर 2,900. पाच वर्षांत जवळपास 85 हजारांचा फरक, म्हणजे निम्म्याहून अधिक दुरुस्तीचा खर्च. पालिकेने एक कोटीचा फिरता निधी उभारला तर पहिल्या फेरीत अशा 66 घरांची दुरुस्ती होते आणि त्यांच्या हप्त्यांतून दरमहा सुमारे 1 लाख 90 हजार परत येतात. वसुली 80 टक्क्यांवर घसरली तरी दरमहा आणखी एका घराच्या दुरुस्तीची सोय होते. फुकट वाटलेला कोटी मात्र एकदाच वाटता येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये गृहसाहाय्याबाबतच्या 2002 च्या आदेशानंतर स्थानिक परिषदा याच विचाराने अनुदानाकडून कर्जाकडे वळल्या. अनेक ठिकाणी घरावर बोजा चढवतात आणि घर विकले जाईल तेव्हा रक्कम वळती करून घेतात.

पालिकेने स्वतः सावकारी करू नये. शासनाची मान्यता घेऊन निधी पालिकेने द्यावा. कर्जखाते, हप्ते आणि नोटिसा जिल्हा बँकेने किंवा नागरी सहकारी बँकेने सांभाळाव्यात. फेरीवाल्यांच्या स्वनिधी योजनेत पालिका शिफारसपत्र देते आणि कर्ज बँक देते, तीच विभागणी इथे चालेल. काही ठिकाणी हप्ता घरपट्टीच्या बिलात घालण्याची कल्पना पुढे येते. सोयीची वाटते, पण बिलात छापला म्हणून हप्ता कर होत नाही. घरपट्टीची थकबाकी वसूल करण्याचे अधिकार त्याला लागू होत नाहीत. उलट लोक दोन्ही भरायचे थांबतात.

मालकीचा प्रश्न गहाणखताच्या वाटेने सुटणार नाही. असेसमेंटचा (घरपट्टी आकारणीचा) उतारा हा मालकीचा पुरावा नव्हे, हे प्रत्येक कर निरीक्षकाला ठाऊक असते. म्हणून दोन लाखांपर्यंत गहाण न मागता प्रत्यक्ष वहिवाट, सर्व वारसांचे संमतीपत्र आणि दोन जामीनदार, त्यातला एक पगारदार, एवढ्यावर कर्ज द्यावे. वारस नोंदीचा अर्ज मात्र त्याच वेळी करायला लावावा. संमतीपत्र आधी घेण्याचे कारण साधे आहे: पुण्या-मुंबईतला भाऊ परांची बांधल्यावर हरकत घेतो आणि काम अर्ध्यावर थांबते.

योजना खरी बुडते ती अंदाजपत्रकात. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीने काढलेला आकडा छोट्या दुरुस्तीला कधीच पुरत नाही, कारण बोळातून डोक्यावरून न्यायचे साहित्य, परांची आणि राडारोडा उचलण्याचा खर्च त्यात नीट बसत नाही. शिवाय स्लॅब फोडल्याशिवाय खराबी कळत नाही. हातोडीने ठोकून पोकळ आवाजाचा भाग खडूने आखून घ्यावा, तरीही फोडल्यावर तो वाढतोच. म्हणून 15 ते 20 टक्के रक्कम सुरुवातीलाच राखीव मंजूर करावी. नाहीतर कंत्राटदार उघड्या सळयांवर गिलावा मारून मोकळा होतो. गंजलेली सळई फुगते आणि दोन पावसाळ्यांत तो गिलावा खाली येतो. हप्ता मात्र पुढची तीन वर्षे चालू राहतो, आणि कर्जदार तो भरायला नाराज असतो. थकबाकीचे मूळ पुष्कळदा इथे असते, माणसाच्या दानतीत नव्हे.

कामाचा क्रम मंजुरीपत्रावरच छापावा. आधी गळती बंद, मग स्लॅब, शेवटी रंग. गच्चीवर कोबा करताना पन्हळीकडे किमान 1:100 उतार, भिंतीलगत गोलावा आणि मग 48 तास पाणी तुंबवून चाचणी. स्लॅबखाली टेकू दिल्याशिवाय फोडायला हात लावू नये. सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट काढावे, तारेच्या ब्रशने गंज घासावा. सळई पाव भागाहून जास्त झिजली असेल तर शेजारी नवी बांधावी. मग गंजरोधक लेप, पॉलिमर मिसळलेला मसाला आणि सात दिवस पाणी. कौलारू घरात कौले बदलण्याआधी वासे आणि रिपा टोचून पाहाव्यात. दर चौरस मीटरला साधारण 15 मंगलोरी कौले लागतात, त्यामुळे बिल तपासायला अवघड नाही. आतली आणि बाह्यरूप न बदलणारी दुरुस्ती महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियमाच्या कलम 43 नुसार परवानगीतून वगळलेली आहे. तरी बांधकाम विभाग सवयीने नकाशा मागतो आणि दोन महिने जातात.

पैसे तीन टप्प्यांत द्यावेत. गवंडी आठवड्याला रोख मागतो, तेव्हा 'आधी काम, मग पैसे' हा घरकुलाचा शिरस्ता इथे लावला तर माणूस पुन्हा सावकाराकडेच जाईल. म्हणून 30 टक्के आगाऊ, 50 टक्के सळयांच्या कामाची मोजमाप पुस्तकात नोंद झाल्यावर आणि 20 टक्के पाण्याच्या चाचणीनंतर. गिलाव्याने झाकण्याआधीचा फोटो नसेल तर दुसरा टप्पा सोडू नये. या एका फोटोवर कनिष्ठ अभियंत्याने हट्ट धरावा, बाकी कागद कमी केले तरी चालतील.

राहिले वेळापत्रक. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजूर होते, अर्ज मे महिन्यात मागवतात आणि मंजुरी जूनमध्ये हातात पडते. त्या वेळी छप्पर उघडता येत नाही आणि अर्धी रक्कम पुढच्या 31 मार्चपर्यंत पडून राहते. त्याऐवजी अर्ज जुलैमध्ये घ्यावेत, पाहणी भर पावसात करावी म्हणजे पाणी नेमके कुठून येते ते दिसेल. मंजुरी दिवाळीपूर्वी द्यावी आणि पाण्याची चाचणी एप्रिलअखेर उरकावी. मे महिन्यात त्या चाचणीला पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न मराठवाड्यातल्या पालिकांना विचारून पाहा.

आपले,
नगरपालिकेच्या बांधकाम व कर विभागांतील काही निवृत्त कर्मचारी