मानशीवरच्या काकांना, कोळशाच्या रेघांबद्दल

मानशेकार काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल आणि अर्ध्यावर तुम्ही "पुरो गे" म्हणाल, ते ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण परवा स्पर्धेहून परतल्यापासून बांधातली पाण्याची दारं, म्हणजे मानशी, राखायची तुमची खोप डोळ्यांसमोरून हलत नाही.

आम्ही चौघं पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा आमच्याजवळ होता एक डबा, पाण्यातला खारेपणा मोजणारा, आणि भरपूर तोरा. जगाचे प्रश्न सोडवायला निघालो होतो ना! युक्रेनच्या मुलांनी खुणांची भाषा बोलून दाखवणारे हातमोजे बनवून 2012 साली सिडनीत इमॅजिन कप ही विद्यार्थ्यांची तंत्रज्ञान स्पर्धा जिंकली, तसं काहीतरी आपणही करू, असं डोक्यात होतं. पहिल्याच स्लाइडवर संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या 17 उद्दिष्टांपैकी 9 चौकोन चिकटवले होते. तुम्ही डब्याकडे पाहिलंत, मानशीखालच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलंत आणि म्हणालात, "उदक फोन करून येना, बाये." त्यालाच फोन करायला लावायचं हाच तर आमचा प्रकल्प होता, पण सांगायचा धीर झाला नाही.

त्याआधी कुठे कुठे फिरलो होतो ते सांगत नाही. एका ठिकाणी फोटो काढून घेतले, पाठीवर थाप मारली, नंतर फोन उचलले नाहीत. एका मार्गदर्शकांनी तर "खाजन सोडा, बीचवरच्या पर्यटकांसाठी ॲप करा" असा सल्ला दिला. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची शेतं, ती केवळ माती-चिऱ्यांच्या बांधावर आणि मानशीच्या लाकडी दारांवर तग धरून आहेत, भरती दारं दाबून बंद करते आणि ओहोटीला ती आपोआप उघडतात, हे गोव्यात जन्मलेल्या माणसाला समजावून सांगावं लागलं. खेकड्यांनी बांध पोखरला आणि खारं पाणी एकदा आत शिरलं की कोरगुट थोडंफार सोसतं, बाकीचं भात जातं. आमच्या घरचं गेलं होतं. म्हणून तर हा खटाटोप.

डब्याचं झाकण गळायला लागलं तेव्हा सायकलची जुनी ट्यूब कापून तुम्हीच ती आवळून बसवलीत. त्याचे आभार त्याच दिवशी मानले होते. हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे.

जाता जाता मी सहज म्हटलं होतं, "डब्याचा हिरवा दिवा लागलेला असला की समजायचं, सगळं ठीक." नंतर आमच्या परीक्षा आल्या, तीन आठवडे आम्ही फिरकलो नाही. आलो तर खोपीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा. प्रत्येक भरतीला एक, रात्रीच्या भरतीलाही. दिवा विझलेला दिसला तिथे शून्य. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं. विचारलं तर म्हणालात, उठायचं तर होतंच.

अंतिम फेरीत परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. मधले तीन दिवस नोंदी का नाहीत? यंत्र बंद पडलं होतं की नेटवर्क? मी भिंतीचा फोटो लावला. त्या तीन दिवसांत एकही शून्य नव्हतं, म्हणजे डबा जागा होता, नेटवर्कच गेलं होतं. सभागृह क्षणभर गप्प झालं. मग एका बाईंनी विचारलं, हा माणूस कोण? व्हिएतनामच्या मेकाँग मुखाशी 2016 आणि 2020 साली खाऱ्या पाण्याने भाताची काय दैना केली ते त्यांना चांगलं माहीत होतं. यंत्राबद्दल त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही, तुमच्याबद्दलच विचारत राहिल्या. असे मानशेकार आणखी किती आहेत? त्यांच्यानंतर कोण? मला उत्तर देता आलं नाही.

पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं नाही, काका. ज्यांना मिळालं त्यांचं काम चांगलंच होतं, रडगाणं नाही. पण स्लाइडवरचे ते 9 चौकोन मी परतीच्या विमानातच काढून टाकले. ज्याचा आपल्याशी काही संबंध नाही त्याच्या हिरव्या दिव्यासाठी पावसात रात्री तीनला मुद्दाम खोपीकडे वळणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत, हे कुठल्या चौकोनात बसवू?

चवथीआधीच्या अवसेला उधाण मोठं असेल. त्याच्या आधी नवा डबा घेऊन येतो. भिंतीला चुना काढू नका. सायकलची ट्यूब आम्हीच आणू.

तुमची,
डबेवाली बाय