घर पडले एका रात्रीत, कागद जुळेनात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला की आमची पोरे विचारतात, पैसा होता, जागतिक बँक पाठीशी होती, मग घरे मिळायला एवढी वर्षे का लागली? 'खाल्ले असतील कुणीतरी' हे उत्तर ठरलेले. खाल्लेही असतील. पण ३० सप्टेंबर १९९३ नंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेल्या मला उशिराची वेगळीच कारणे दिसली.

५२ गावे उठवून नव्या जागी वसवायची होती. जागा ठरवतानाच बैठका मोडायच्या. कुणाला शेत लांब पडायचे, कुणाला भावकी एकाच गल्लीत हवी. त्यात रान काळे असले की मुरूम लागेपर्यंत पाया खोदावा लागे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ राहिला तर नव्या भिंतीला तडा ठरलेलाच. आणि उन्हाळ्यात प्यायलाच पाणी नाही, तिथे भिंतींवर काय मारणार?

खरे घोडे अडले कागदावर. घर केवढे मिळणार, हे जमिनीवर ठरायचे. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या खातेदाराला ७५०. आमच्या पडक्या माळवदाखाली चार चुली होत्या. सातबारा मात्र आजोबांच्या नावावर, आणि आजोबा ७२ च्या दुष्काळाआधीच गेलेले. यादीत आमचे एकच घर! मग वारसनोंद, चुलत्याची हरकत, तारखा. आमचे दीड वर्ष यात गेले, सिमेंटवाचून एक दिवसही नाही.

जिथे घर जागेवरच दुरुस्त करायचे होते, तिथे मालकानेच हप्त्या-हप्त्याने पैसे घेऊन काम केले. ते त्या मानाने बरे चालले, असे माझे मत.

२०२४ मध्ये मार्चला आणि पुन्हा जुलैला हिंगोलीकडे ४.५ रिश्टरचे धक्के बसले. लोक अंगणात पळाले, तासाभराने परत आत. पुन्हा मोठा धक्का बसला तर कागद आधीच जुळलेले हवेत. गावठाणातल्या घरांच्या मालकीचे कागद देण्यासाठी स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी हाती घेतली आहे, त्यासोबत तरी गावोगावी वारसनोंदीची शिबिरे तहसीलदारांनी लावावीत, ही विनंती.

आम्हीही काही शहाणे झालो नाही. नव्या गावातले घर थोरल्या भावाच्या नावावर आहे. त्याला जाऊन सहा वर्षे झाली. अर्ज अजून माझ्याच पिशवीत आहे.

आपला,
एक भूकंपग्रस्त वाचक
ता. लोहारा, जि. धाराशिव