गंजावरच मारलेल्या अँटी-रस्ट कोटिंगबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
कार डिटेलिंग वर्कशॉप, तुर्भे, नवी मुंबई

विषय: चारही व्हील आर्चचं (चाकांवरच्या कमानींचं) काम निकृष्ट झाल्याबाबत

महोदय,

12 मे रोजी मी माझी 2014 सालची हॅचबॅक तुमच्याकडे मडगार्डच्या आतला पत्रा साफ करून कोटिंग करायला दिली होती. बिल 9,400 रुपये, त्याच दिवशी पूर्ण भरलं. त्यावर तुमच्याच माणसाच्या अक्षरात लिहिलंय: लायनर काढणे, गंज घासणे, इपॉक्सी प्रायमर, रबर कोटिंग दोन हात.

ऑगस्टमध्ये घोडबंदर रोडला मागचं डावं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने चाक उतरवलं तेव्हा वर कोटिंगला फुगा आलेला दिसला. बोटाने दाबला तर पाणी ओघळलं. नखाने कड उचलली आणि तळहाताएवढा पापुद्रा सुटून हातात आला. त्याच्या आतल्या बाजूला चिखल, चिखलात रुतलेली गुलमोहराची काडी आणि पत्र्यावरून निघालेल्या तांबूस खपल्या. प्रायमरचा मागमूस नाही. घासणं दूरच, काम करण्याआधी तुम्ही तो भाग नीट धुतलासुद्धा नव्हता.

पुढच्या चाकांना तर लायनर, म्हणजे पत्र्यावरची प्लास्टिकची आवरणं, काढलेच नाहीत. प्लास्टिकवरच स्प्रे मारलाय, त्यामागचा पत्रा तसाच. दाराखालच्या पट्टीत पाणी निघून जायला जी भोकं असतात, त्यातली दोन कोटिंगने बुजली आहेत. ब्रेक लावला की आत पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो.

फोनवर तुमचे सुपरवायझर म्हणाले, "घेऊन या, वरून एक हात फुकट मारून देतो." हे मला मान्य नाही. आमची सोसायटी ऐरोलीत, खाडीकडच्या बाजूला आहे, खारी हवा बारा महिने. उघडा पत्रा पाऊस थांबल्यावर निदान वाळतो. सैल सुटलेल्या रबराखाली शिरलेलं पाणी आणि मीठ तिथेच अडकतं, आणि गंज आतल्या आत पत्रा खात राहतो. वरून आणखी थर दिला तर गंज दिसायचाही बंद होईल, एवढंच.

मला हवं आहे ते असं. चारही आर्चचं कोटिंग खरवडून काढा, वायर ब्रशने पत्रा उघडा करा. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंज निष्क्रिय करणारं रसायन), तो पूर्ण वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर, आणि मगच कोटिंग. ब्रेक डिस्क आणि एबीएसचे सेन्सर झाकून घ्या. भोकं मोकळी करा. पत्रा कुठे आरपार गेला असेल तर आधी मला दाखवा. प्रायमर मारण्यापूर्वी उघडा पत्रा मी स्वतः येऊन बघणार आहे. हे जमणार नसेल तर 9,400 रुपये परत करा.

ही गाडी वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतली होती. 2029 मध्ये तिला पंधरा वर्षं होतील, आरसीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला न्यावी लागेल. तेव्हा ती धडधाकट असावी म्हणूनच मी हे काम करून घेतलं होतं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. ते न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

बिलाची प्रत आणि फोटो सोबत जोडले आहेत. निघालेला पापुद्रा काडीसकट पिशवीत जपून ठेवला आहे; म्हणाल तेव्हा घेऊन येते.

आपली,
ऐरोलीची ग्राहक